जिवाणू परत आला, की गेलाच नव्हता?

‘चौदा दिवसांचा कोर्स केला, दोन-तीन महिने बरं वाटलं, अन् आता पुन्हा तेच हून राह्यलं.’ पोटाचे दुखणे घेऊन आलेल्या वऱ्हाडी माणसाची ही तक्रार डॉक्टरांना नवी नाही. ‘तेच’ म्हणजे बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली उठणारी आग. ती उपाशीपोटी वाढते, मध्यरात्री झोपेतून उठवते आणि भाकरीचा तुकडा पोटात गेला की तासभर निवते. एंडोस्कोपी एकदा होऊन गेलेली असते. अल्सर निघालेला असतो. त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आहे, हेही रिपोर्टात आलेले असते. औषधेही पोटात गेलेली असतात. मग हे परत का?

हा प्रश्न समजून घ्यायला परतवाड्यासारखे गाव सोयीचे आहे. इथे सपाट वऱ्हाड संपते आणि चिखलदरा, सेमाडोह, धारणीकडे जाणारे रस्ते सातपुडा चढू लागतात. मेळघाटातले कोरकू कुटुंब, चांदूर बाजारचा संत्राबागाईतदार, अंजनगावचा पानमळेवाला, लाकडाच्या डेपोतला हमाल असे सगळे इथल्या बाजाराला आणि इथल्या दवाखान्यांत येतात. औषधांची दुकाने सगळ्यांची तीच, पण पिण्याचे पाणी मात्र प्रत्येकाचे वेगळे. कुणाकडे पालिकेचा नळ, कुणाकडे हातपंप, कुणाची शेतातली विहीर, तर कुणाचा नाल्याकाठचा झिरा.

रुग्णाने आपला निकाल बहुधा आधीच लावलेला असतो. एक तर ‘जंतू पुन्हा शिरला’, नाही तर ‘औषध खोटं निघालं’. खरे उत्तर चार प्रकारचे असू शकते. जिवाणू मेलाच नसेल, तो मेला आणि नवा आला असेल, जिवाणू नसूनही अल्सर दुसऱ्या कारणाने झाला असेल, किंवा अल्सरच नसून नुसती जळजळ असेल. चारही वेळा आग सारखीच जाणवते, उपचार मात्र प्रत्येक वेळी वेगळा लागतो. म्हणून आधी हे चार प्रकार एकमेकांपासून वेगळे करणे आले.

आम्लात राहणारा भाडेकरू

जठरातला रस इतका तीव्र आम्लधर्मी असतो की त्यात जिवाणू जगूच शकत नाहीत, असे वैद्यकशास्त्र अनेक दशके मानत आले होते. अल्सर होतो तो काळजीने, जागरणाने, तिखट खाण्याने, आम्ल वाढल्याने, असे समजले जाई. ठेचा आणि तर्रीवर जगणाऱ्या वऱ्हाडाला हा आरोप सोसावाच लागला. तिखटाने आधीचा व्रण चुरचुरतो हे खरे, पण तिखट व्रण पाडत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रोगनिदानतज्ज्ञ रॉबिन वॉरेन यांना जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जिवाणू पुन्हा पुन्हा दिसत होते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न मात्र फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की बश्या टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जिवाणू उगवलेला सापडला. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्याचे द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवून दिले. २००५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले होते.

हा जिवाणू आम्लात टिकतो तो युरिएज नावाच्या विकरामुळे. जठरातल्या युरियाचे तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करतो. अमोनियामुळे त्याच्याभोवतीचे आम्ल मंदावते. तेवढ्या सवडीत तो शेपटीसारख्या तंतूंनी पोहत जठराच्या अस्तरावरच्या चिकट थरात शिरतो. तिथे आम्ल कमी पोचते आणि पोटात गेलेले औषधही कमी पोचते. उपचार अवघड का जातात, याचे निम्मे उत्तर या जागेतच आहे.

मार्शल यांच्या आधीच्या काळातही अल्सर बरा होत होता, हे लक्षात ठेवायला हवे. १९७६ मध्ये सिमेटिडीन आणि त्यानंतर रॅनिटिडीन आले. आम्ल दबले की व्रण भरून येई, गोळी थांबली की बहुतेकांना वर्षभरात तो परत होई. परत येणे हा अल्सरचा स्वभावच आहे, असे तेव्हा डॉक्टरही मानत. १९८८ मध्ये मार्शल आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात अल्सर असलेल्या १०० रुग्णांवरचा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये छापला. ज्यांच्या पोटात जिवाणू राहिला त्यांच्यातल्या बऱ्या झालेल्या अल्सरांपैकी ८४ टक्के वर्षभरात उलटले. ज्यांच्या पोटातून जिवाणू गेला त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होते. पुनरावृत्तीचे मूळ व्रणात नसून जिवाणूत आहे, हे तेव्हा आकड्यांत स्पष्ट दिसले.

कुंदा आणि गाजरगवत

आता जिवाणूच्या परत येण्याकडे वळू. काळ्या जमिनीच्या शेतकऱ्याला कुंदा ठाऊक असतो. वरवर निंदले की रान साफ दिसते, पण खाली मुळी उरली तर पहिल्या पावसात तोच कुंदा वर येतो. गाजरगवताची गोष्ट वेगळी. रान खरोखर साफ असले तरी बांधापलीकडून बी उडून येते. पायलोरीही या दोन्ही वाटांनी परततो. पहिल्या वाटेला वैद्यकात पुनरुद्भव म्हणतात. यात उपचाराने जिवाणूंची संख्या तपासणीत सापडणार नाही इतकी घटलेली असते आणि उरलेले काही पुन्हा वाढतात. दुसरी वाट पुनर्संसर्गाची. यात जुना जिवाणू पूर्ण नाहीसा झालेला असतो आणि बाहेरून नवा आलेला असतो.

बाहेरून दोन्ही एकसारखे दिसतात. फरक कळतो तो जिवाणूच्या डीएनएवरून. पायलोरी फार बदलता जीव आहे. दोन अनोळखी माणसांच्या पोटातले वाण सहसा हुबेहूब सारखे नसतात आणि एकाच घरातले वाण पुष्कळदा एकमेकांशी जुळतात. माणसाची आणि या जिवाणूची संगत हजारो वर्षांची आहे. आल्प्स पर्वताच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या पोटातही तो निघाला आणि त्याचा वाण आज मध्य व दक्षिण आशियात आढळणाऱ्या वाणांच्या जवळचा होता. याच वेगळेपणाचा उपयोग संशोधक करतात. उपचारापूर्वीचा आणि नंतरचा वाण तोच निघाला तर मुळी उरली होती, वेगळा निघाला तर बी बाहेरून आले.

अशा अभ्यासांतून एक ढोबळ नियम हाती लागला आहे. उपचारानंतरच्या पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत जिवाणू परत दिसला तर बहुतेक वेळा तो जुनाच असतो. वर्ष उलटून गेल्यावर दिसला तर नव्या संसर्गाची शक्यता वाढते. दोन-तीन महिन्यांत ‘पुन्हा तेच’ म्हणणाऱ्या माणसाच्या बाबतीत संशय आधी घ्यायचा तो अपुऱ्या उपचारावर. शेजाऱ्यावर किंवा हॉटेलच्या पाण्यावर नंतर.

लिमा, ढाका आणि मुंबई

मग बाहेरून पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाण किती? ते गावाप्रमाणे आणि राहणीप्रमाणे बदलते. २००८ मध्ये निव्ह आणि हजाझी यांनी श्वासाच्या तपासणीने पाठपुरावा केलेले अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. दरवर्षी जिवाणू परत दिसण्याचे प्रमाण विकसित देशांत २.६७ टक्के आणि विकसनशील देशांत १३ टक्के निघाले. जपानमध्ये तर नवा संसर्ग होणारे वर्षाला शंभरात एकही नसतात.

दुसरे टोक पेरूची राजधानी लिमा. तिथे १९९७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात उपचार यशस्वी झालेल्या रुग्णांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांशांच्या पोटात आठ महिन्यांत जिवाणू पुन्हा दिसला. तिथल्याच पुढच्या एका अभ्यासात वाण ताडून पाहिले, तेव्हा परतलेल्यांतले बहुतेक नवे निघाले. ढाक्यातल्या प्रौढांमध्ये २००१ च्या अभ्यासाने पुनर्संसर्गाचे प्रमाण वर्षाला १३ टक्के सांगितले.

लिमासारखे आकडे पाहून भारतीय डॉक्टरांनाही वाटे की आपल्याकडे औषध देऊन उपयोग काय, महिन्याभरात पुन्हा होणारच. ही शंका मुंबईतल्या एका अभ्यासाने बरीचशी दूर केली. बापट, अब्राहम आणि सहकाऱ्यांनी तो २००० साली ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’मध्ये मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की भारतीय प्रौढांमध्ये पायलोरीचा नवा संसर्गही विरळ आणि उपचारानंतरचा पुनर्संसर्गही विरळ.

हे चमत्कारिक वाटते, कारण आपल्याकडे हा जिवाणू घरोघरी आहे. १९९४ मध्ये गिल, देसाई आणि सहकाऱ्यांनी वयोगटांप्रमाणे रक्तातली प्रतिद्रव्ये तपासली होती. चार वर्षांपर्यंतच्या मुलांत २२ टक्के, पाच ते नऊ वयात ५६ टक्के आणि दहा ते एकोणीस वयात ८७ टक्के जणांत संसर्गाची खूण सापडली. या आकड्यांत कोड्याचे उत्तरही आहे. विशीच्या आत बहुतेकांना संसर्ग होऊन गेलेला असतो. हा बालपणात जडणारा रोग आहे. रांगते मूल जे सापडेल ते तोंडात घालते, त्याला भरवणारे हात दुसऱ्यांचे असतात, आजारी भावंडाच्या अंथरुणातच ते झोपते. प्रौढ माणसाचा असा संपर्क कमी होतो. म्हणून ज्या गावात मुलांमध्ये हा जिवाणू झपाट्याने पसरतो, त्याच गावात प्रौढाला तो नव्याने जडण्याचा वेग कमी असू शकतो.

मुंबई आणि लिमा यांच्यातले अंतर परतवाडा परिसरात एका तालुक्यात सापडेल. पक्के घर, बंद शौचालय आणि नळाचे क्लोरिन घातलेले पाणी असलेल्या कुटुंबाला मुंबईचा निष्कर्ष लागू पडायला हरकत नाही. पावसाळ्यात उघड्या विहिरीचे गढूळ पाणी पिणाऱ्या, एका खोलीत आठ-दहा माणसे राहणाऱ्या कुटुंबाने लिमा आणि ढाका डोळ्यांपुढे ठेवलेले बरे.

जुलाबाची गोळी आणि अल्सरचा कोर्स

आता मुळी का उरते ते पाहू. सर्वांत मोठे कारण म्हणजे जिवाणूने औषधाला दाद न देणे. भारतातल्या वेगवेगळ्या शहरांतले पायलोरीचे नमुने तपासणारा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. या उपचारात वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी मेट्रोनिडाझोलला त्यातले ७७.९ टक्के नमुने आणि क्लॅरिथ्रोमायसिनला ४४.७ टक्के नमुने जुमानत नव्हते.

हे का झाले असेल, ते आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात डोकावले की कळते. जुलाब लागले, आव पडली की मेट्रोनिडाझोल. दोन दिवस घ्यायचे, बरे वाटले की उरलेल्या गोळ्या डब्यात. घसा धरला, सर्दी-ताप आला की अॅझिथ्रोमायसिन. ते क्लॅरिथ्रोमायसिनच्याच कुळातले, त्यामुळे एकाला सरावलेला जिवाणू दुसऱ्यालाही दाद देत नाही. या गोळ्या जुलाबासाठी किंवा घशासाठी घेतल्या तरी त्या जठरातूनच जातात. लहानपणापासून तिथे राहणाऱ्या पायलोरीला प्रत्येक वेळी अपुरा मार बसतो आणि त्यातून जे तगतात त्यांची पैदास होते. अल्सरचा कोर्स सुरू होतो तेव्हा यातले निम्मे औषध आधीच निकामी झालेले असू शकते.

दुसरे कारण कोर्सचेच. औषध दुकानात या गोळ्यांचा एकत्र किट मिळतो, त्यात सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या वेगळ्या मांडलेल्या असतात. सोय चांगली आहे, पण कित्येकांच्या हाती सातच दिवसांचा किट पडतो. आजच्या वैद्यकीय शिफारशींचा कल चौदा दिवसांकडे आहे. २०२२ च्या मास्ट्रिख्ट-फ्लोरेन्स सहमती अहवालाने आणि २०२४ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी बिस्मथसह चार औषधांच्या उपचाराला अग्रस्थान दिले आहे. यात आम्ल रोखणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल असते. मेट्रोनिडाझोलला न जुमानणारा जिवाणूही बिस्मथच्या जोडीने आणि पुरेशा मात्रेत पुष्कळदा आटोक्यात येतो. भारतीय गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेचा याविषयीचा ‘भुवनेश्वर सहमती अहवाल’ २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

हा कोर्स सुखाचा नाही. तोंड कडू पडते, मळमळते, जीभ आणि शौच काळे होते. हे काळे शौच बिस्मथचे, त्याला घाबरायचे कारण नसते. पण आठव्या दिवशी आग थांबलेली असते, मजुरीचा खाडा परवडत नसतो आणि गोळ्या तर गिळवत नाहीत. मग कोर्स तिथेच थांबतो. आग थांबते ती आम्ल रोखणाऱ्या गोळीने, आणि तीही दोन-तीन दिवसांतच. जिवाणूंचा काटा काढायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो.

आम्ल रोखणारी गोळी कोर्समध्ये का असते, हेही समजून घ्यावे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही त्या गटातली नावे. त्या व्रण भरायला मदत करतातच, पण त्यांचे दुसरे काम सूक्ष्म आहे. तीव्र आम्लात पायलोरी वाढ थांबवून निपचित पडून राहतो आणि अॅमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके तर वाढणाऱ्या, विभागणाऱ्या जिवाणूलाच मारतात. आम्ल कमी झाले की जिवाणू वाढू लागतो आणि औषधाच्या तावडीत सापडतो. म्हणून ही गोळी ‘नुसती गॅसची’ समजून गाळणाऱ्याची प्रतिजैविके वाया जाऊ शकतात. ती जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर नीट काम करते.

न होणारी दुसरी तपासणी

या प्रकरणाचा मुख्य मुद्दा हा आहे. उपचारापूर्वी तपासणी होते, पण उपचारानंतरची तपासणी बहुतेकांची होत नाही. रुग्णाला बरे वाटते, म्हणून तो जात नाही. डॉक्टरने लिहून दिली तरी ‘बरे वाटत असताना पैसे कशाला घालायचे’ असे म्हणून चिठ्ठी खिशात राहते. मग सहा महिन्यांनी आग उठली की प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर देता येत नाही. जिवाणू गेला होता की नाही हे कधी तपासलेलेच नसेल, तर तो ‘परत’ आला असे कसे म्हणणार?

ही तपासणी दोन सोप्या मार्गांनी होते. पहिला श्वासाचा. खूण केलेला कार्बन असलेला युरिया प्यायला देतात आणि थोड्या वेळाने श्वास एका पिशवीत घेतात. पोटात पायलोरी असेल तर तो युरियाचे विघटन करतो आणि तो खुणेचा कार्बन श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडतो. जिवाणूला आम्लात जगवणारे विकरच इथे त्याची चुगली करते. ही सोय मोठ्या शहरांत सहज मिळते. दुसरा मार्ग शौचाच्या नमुन्यातले जिवाणूचे प्रथिन शोधण्याचा. हा नमुना लहान गावातून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. जठरात व्रण होता, रक्तस्राव झाला होता किंवा इतर शंका असेल, तर डॉक्टर पुन्हा एंडोस्कोपी करून तुकडा तपासतात.

रक्ताची तपासणी मात्र या कामाला निरुपयोगी. जिवाणू गेल्यावरही प्रतिद्रव्ये रक्तात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे राहतात. उपचारानंतर रक्त तपासून ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून दुसरा, तिसरा कोर्स घेणारे लोक आहेत. त्यांच्या पोटात कदाचित काहीच नसते.

वेळही पाळावी लागते. प्रतिजैविके आणि बिस्मथ संपल्यावर किमान चार आठवडे जाऊ द्यायचे. आम्ल रोखणारी गोळी तपासणीच्या आधी दोन आठवडे, अर्थात डॉक्टरांना विचारून, बंद ठेवायची. कोर्स संपताच तपासले तर दबलेला, थोडा उरलेला जिवाणू सापडत नाही आणि रिपोर्ट खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो. रोज सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी घेण्याची सवय असलेल्यांच्या बाबतीतही असे होऊ शकते. जो रिपोर्ट पाहून माणूस निश्चिंत होतो, तो गोळीच्या आडोशाने आलेला असू शकतो. त्यानंतर काही महिन्यांनी जिवाणू सापडला की तो ‘नवा संसर्ग’ म्हणून नोंदला जातो. पुनर्संसर्गाच्या पुष्कळशा कहाण्या अशा चुकीच्या वेळी केलेल्या तपासणीतून जन्मतात.

दुसऱ्या तपासणीत जिवाणू निघाला, तर तोच किट पुन्हा आणून घेणे ही दुसरी चूक. पहिल्या कोर्समधून जे तगले ते त्या औषधाला सरावलेलेच असणार. विशेषतः क्लॅरिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन एकदा निष्फळ ठरले की ते पुन्हा वापरू नये, अशी शिफारस आहे. डॉक्टरांना वेगळी जोडी निवडायची तर आधी काय दिले होते हे कळायला हवे. परतवाड्यात एक, अमरावतीत दुसरा आणि नागपुरात तिसरा डॉक्टर, आणि कागद मात्र एकाचाही नाही, अशी स्थिती असेल तर चांगला तज्ज्ञही अंधारात असतो.

जिवाणू नसतानाचा अल्सर

समजा, तपासणी वेळेवर केली आणि ती निगेटिव्ह आली, तरीही व्रण आहे. अशा वेळी विचारायचा पहिला प्रश्न दुखण्याच्या गोळीचा. अल्सरच्या कारणांत पायलोरीनंतर नंबर लागतो तो वेदनाशामकांचा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन या गटातली औषधे जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी रसायने तयार होऊ देत नाहीत. वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या बायांची कंबर, फवारणीचा पंप वाहणाऱ्याची पाठ, म्हाताऱ्यांचे गुडघे या साऱ्यांचा भार या गोळ्यांवर आहे. किराणा दुकानातही त्या सुट्या मिळतात. ‘औषध घेता का?’ असे विचारल्यावर रुग्ण ‘नाही’ म्हणतो, कारण अंगदुखीच्या गोळीला तो औषध समजतच नाही. त्यातच विडी-सिगारेट असेल तर व्रण भरून यायला आणखी उशीर लागतो. जिवाणू आणि वेदनाशामक दोन्ही एकत्र असतील तर धोका वाढतो, म्हणून ज्याला हृदयासाठी अॅस्पिरिन कायम घ्यावी लागते आणि पूर्वी अल्सर होऊन गेला आहे, त्याची पायलोरीची तपासणी करणे शहाणपणाचे असते.

चौथा प्रकार सर्वांत सौम्य आणि सर्वांत सामान्य. जिवाणू गेला, व्रण भरला, तरी जळजळ आणि पोट फुगणे चालूच. घशाशी येणारे आम्ल किंवा जठराची हळवी हालचाल ही त्याची कारणे असतात. त्याला प्रतिजैविकांचा काही उपयोग नाही. पण डांबरासारखे काळे आणि चिकट शौच, रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी, कारण नसताना घटणारे वजन, घास अडकणे, अंगातले रक्त कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर घरगुती उपाय करत थांबू नये.

घर आणि पाणी

खरा पुनर्संसर्ग होतो तो घरात. जिवाणू एका तोंडातून दुसऱ्या तोंडात नेमका कसा जातो, यावर १९९९ मध्ये अमेरिकेत पार्सोनेट आणि सहकाऱ्यांनी एक कडक प्रयोग केला. संसर्ग असलेल्या १६ निरोगी प्रौढांना त्यांनी उलटीचे आणि जुलाबाचे औषध दिले. सोळाही जणांच्या उलटीत जिवंत पायलोरी सापडला. जुलाब झाल्यावर काहींच्या शौचातही तो निघाला, एरवीच्या शौचात तो सहसा जिवंत सापडत नाही. म्हणजे घरात कुणाला उलट्या-जुलाब लागतात तेव्हा हा जिवाणूही सर्वाधिक पसरतो.

वऱ्हाडात ही वेळ पावसाळ्यात येते. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीचे दूषित पाणी पिऊन कॉलऱ्याची साथ आली आणि माणसे दगावली. कॉलऱ्याचा जिवाणू वेगळा, पण ज्या वाटेने तो घरात शिरला त्या वाटेने पायलोरीही येऊ शकतो, आणि आलेल्या उलट्या-जुलाबांत तो घरभर पसरू शकतो. कॉलऱ्याची बातमी होते. पायलोरी त्या आठवड्यात एखाद्या मुलाच्या पोटात जाऊन बसला, तर त्याचा व्रण वीस वर्षांनी दिसतो. लिमामधल्या मुलांच्या १९९१ च्या अभ्यासात पाण्याचा स्रोत हा संसर्गाचा मोठा धागा ठरला होता. हैदराबादेतल्या अभ्यासातही विहिरीचे पाणी पिणाऱ्यांत संसर्ग नळाच्या पाण्यापेक्षा जास्त आढळला.

परतवाड्यापासून जवळच, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये गाडगेबाबांचा जन्म झाला. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. झाडलेला रस्ता डोळ्यांना दिसतो, म्हणून अभियानाच्या स्पर्धेत त्याला गुण मिळतात. या जिवाणूच्या बाबतीत त्याहून महत्त्वाच्या गोष्टी घराच्या आत आहेत. माठात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी काढणे, पावसाळ्यात पाणी उकळणे किंवा त्यात क्लोरिन टाकणे, उलटी साफ करणाऱ्याने लगेच साबणाने हात धुणे, बाळाला घास चावून न भरवणे. महागडे यात काहीच नाही.

संपूर्ण घराचा विचार करण्याची पद्धत आता वैद्यकातही रुजते आहे. चीनमधल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये कुटुंबाला एकक मानून पायलोरीचा उपचार करण्याची भूमिका मांडली. एकाला औषध आणि बाकीच्यांच्या पोटात जिवाणू तसाच, असे झाले तर पहिल्याला तो पुन्हा जडू शकतो, असा त्यामागचा विचार. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून सगळ्या प्रौढ लोकसंख्येची तपासणी आणि उपचार होत आहेत. तिथे पुनर्संसर्ग वर्षाला एक टक्क्याहून कमी राहिला आणि जठराच्या कर्करोगाचे नवे रुग्ण निम्म्याने घटले. भारतात घरोघर प्रत्येकाला प्रतिजैविके वाटणे मात्र शहाणपणाचे ठरणार नाही. इथे बहुतेकांच्या पोटात जिवाणू असतो, त्यांतल्या थोड्यांनाच अल्सर होतो, आणि जितक्या गोळ्या वाटाव्यात तितका जिवाणू त्यांना सरावेल. ज्याचा अल्सर वारंवार उलटतो किंवा ज्याच्या घरात कुणाला जठराचा कर्करोग झाला आहे, अशा कुटुंबांनी घरच्या इतरांची तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

म्हणून आग पुन्हा उठली, तर किट आणायला औषध दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी करा. पहिल्या उपचाराची चिठ्ठी शोधून फाइलमध्ये लावा. कोर्स किती दिवस घेतला आणि किती गोळ्या उरल्या, हे डॉक्टरांना खरे खरे सांगा. गेल्या महिन्यात अंगदुखीच्या किती गोळ्या घेतल्या ते आठवा. आणि श्वासाची किंवा शौचाची तपासणी आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून करा. आज ज्यांचा कोर्स चालू आहे त्यांनी तर शेवटच्या गोळीनंतर चार आठवड्यांची तारीख आताच कॅलेंडरवर लिहून ठेवावी. त्या तारखेनंतर केलेल्या तपासणीत जिवाणू सापडला नाही, तरच उपचार पूर्ण झाला असे समजावे.